अणू कोणत्या ग्रंथात सापडला?

शाळेत अणू-रेणूचा धडा आला की वर्गात कुणीतरी हमखास म्हणतो, "यात नवीन काय? कणाद ऋषींनी हे हजारो वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे." आपली मुले हे ऐकतात आणि गप्प बसतात, कारण उत्तर कसे द्यायचे हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. म्हणून हा इतिहास नीट समजून घेतला पाहिजे.

आधी कणादांचे श्रेय कणादांना देऊ. वैशेषिक दर्शनात परमाणूची कल्पना आहे. दोन परमाणू मिळून द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक, आणि झरोक्यातून आलेल्या उन्हात तरंगताना दिसतो तो कण म्हणजे त्र्यणुक, अशी ती मांडणी आहे. विचार म्हणून ती मोठीच आहे. पण याच भूमीत तिला प्रश्न विचारणारेही होते, हे कुणी सांगत नाही. बौद्ध आचार्य वसुबंधूंनी 'विंशतिका' या ग्रंथात विचारले: एका परमाणूला सहा दिशांनी सहा परमाणू चिकटले, तर त्याला सहा बाजू झाल्या. मग तो अविभाज्य कसा? म्हणजे आपली खरी परंपरा वादविवादाची आहे. मात्र कणाद असोत, वसुबंधू असोत की ग्रीसचा डेमोक्रिटस, यांपैकी कुणीही अणूचे वजन केले नाही, की तो मोजला नाही. तो तर्काचा अणू होता.

प्रयोगाच्या अणूची गोष्ट वेगळी आहे. जॉन डाल्टन हा इंग्लंडमधल्या एका विणकराचा मुलगा. तो क्वेकर पंथाचा होता आणि त्या काळी ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारे अशा पंथांच्या लोकांना बंद होती. या माणसाने १८०८ साली अणुसिद्धान्ताचा ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू सारखे आणि त्यांचे वजन ठरावीक. हे अणू ठरावीक प्रमाणात जोडले गेले की संयुग तयार होते, असे त्याने मांडले. पण पाण्याच्या बाबतीत तो चुकला. एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन म्हणजे पाणी, असे त्याने धरले होते. इटलीच्या अ‍ॅव्होगॅड्रोने १८११ साली दुरुस्तीची वाट दाखवली. जवळजवळ पन्नास वर्षे तिच्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. शेवटी पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक, हे मान्य झाले. डाल्टनची चूक दाखवणाऱ्याला कुणी धर्मद्रोही ठरवले नाही.

पुढे अणूही फुटला. थॉमसनने १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन दाखवला. रदरफोर्डच्या प्रयोगशाळेत सोन्याच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडले गेले. बहुतेक कण आरपार गेले, पण थोडे मागे फिरले. त्यावरून १९११ मध्ये रदरफोर्डने सांगितले, की अणूचे जवळजवळ सगळे वजन मधल्या केंद्रकात आहे आणि ते केंद्रक अणूच्या मानाने दहा हजार पटींहूनही लहान आहे. केंद्रकातला न्यूट्रॉन चॅडविकला सापडला तो १९३२ मध्ये. अविभाज्य म्हणवला जाणारा अणू बव्हंशी पोकळ निघाला. हे कोणत्याही ग्रंथात नव्हते.

आता आपल्या देशातला माणूस घेऊ. मेघनाद साहा, जन्म १८९३, ढाक्याजवळच्या शेवडातली गावचा. वडिलांचे किराणा मालाचे छोटे दुकान. कुणाच्या हातचे पाणी चालते आणि कुणाच्या हातचे नाही, यावर बंगालमध्ये जातींची उतरंड ठरत असे, आणि साहांची जात त्या उतरंडीत खालची मानली जाई. कलकत्त्याला प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकताना वसतिगृहातल्या सवर्ण मुलांनी त्यांच्या पंगतीला बसायला नकार दिला.

याच माणसाने १९२० साली वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी ताऱ्यांच्या प्रकाशाचे कोडे सोडवले. उष्णता वाढली आणि दाब कमी झाला की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटू लागतात. इलेक्ट्रॉन गमावलेला अणू वेगळ्या रंगांचा प्रकाश शोषतो. किती तापमानाला आणि किती दाबाला किती अणूंची ही अवस्था होईल, याचे समीकरण साहांनी मांडले. त्यामुळे ताऱ्याच्या प्रकाशावरून त्याचे तापमान काढता येऊ लागले. त्याच समीकरणाच्या आधारे सिसिलिया पेन या तरुणीने १९२५ मध्ये दाखवले, की तारे मुख्यतः हायड्रोजनचे बनलेले आहेत. १९२७ साली साहा लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्याच वर्षी महाडला बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्यायले. दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असलेल्या त्या पाण्यासाठी आपल्या माणसांची डोकी फोडली गेली.

साहांचे संशोधन ऐकून ढाक्याचा एक वकील म्हणाला होता, की हे सगळे वेदात आहेच. कोणत्या वेदात, असे साहांनी विचारले, तेव्हा त्याने तो वाचलेलाच नव्हता. हा किस्सा साहांनी स्वतः लिहून ठेवला आहे. पुढे अनेक वर्षे त्यांनी वेद, उपनिषदे, पुराणे चाळली आणि आधुनिक विज्ञानाचा पाया त्यांत कुठेच सापडला नाही, असे स्पष्ट लिहिले.

मग या देशात अणूचा विचार प्रयोगापर्यंत का पोचला नाही? साहांचे गुरू प्रफुल्लचंद्र राय यांनी भारतीय रसायनाचा इतिहास लिहिताना याचे एक कारण दिले आहे. जातीने डोके आणि हात वेगळे केले. धातू वितळवणारा, चामडे कमावणारा, रंग बनवणारा शूद्र-अस्पृश्य ठरला. ज्याच्या हाती पोथी होती, त्याने भट्टीला हात लावला नाही. भट्टीजवळच्या माणसाला अक्षर मिळू दिले नाही. डाल्टनसमोरही बंद दारे होती, पण त्याच्या पंथाच्या लोकांना स्वतःच्या शाळा काढता येत होत्या. आपल्याला अक्षराचीच बंदी होती.

साहा आणि बाबासाहेब यांच्या कामाचा धागाही जुळतो. दामोदर नदीच्या १९४३ च्या पुरानंतर नेमलेल्या समितीत साहा सदस्य होते. त्या खोऱ्याच्या योजनेला व्हाइसरॉयच्या मंडळातले मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी पुढे नेले. दोघांसाठीही विज्ञान गरिबाच्या घरात वीज आणि शेतात पाणी नेण्यासाठी होते. दोघेही १९५६ साली गेले.

म्हणून मित्रांनो, पुढच्या वेळी कुणी "हे आमच्या ग्रंथात आहे" म्हणाले, तर चिडू नका. तीन प्रश्न विचारा: कुणी मोजले? कसे मोजले? पुन्हा कुणी तपासले? परंपरेने आले किंवा ग्रंथात लिहिले आहे म्हणून मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितलेच आहे. आणि आपल्या वस्तीतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांशेजारी एक साधे सूक्ष्मदर्शक ठेवा. प्रश्न विचारणारे डोके आणि भट्टीला सरावलेला हात आपल्याच मुलांत एकत्र आले पाहिजेत.

जय भीम!