कान आणि कात्री

फील्ड रेकॉर्डिंगच्या अभ्यासाकडे वळणाऱ्याला एक शंका हमखास येते: आवाज निसर्गाचा, यंत्र कारखान्याचं, मग कलावंताने केलं काय? सिद्धांतांच्या मागे लागण्याआधी ख्रिस वॉटसन या इंग्रज ध्वनिमुद्रकाची कारकीर्द पाहावी.

वॉटसन १९५३चा, पोलादासाठी प्रसिद्ध असलेल्या शेफील्डचा. आईवडिलांनी दिलेला टेपरेकॉर्डर त्याने लहानपणी बागेत पाखरांच्या दाण्यापाण्याजवळ ठेवून दिला. माणूस जवळ असला की पाखरं उडून जातात. फितीवर मात्र ती निर्धास्त वावरत होती. पुढे १९७३मध्ये रिचर्ड कर्क आणि स्टीफन मॅलिंडर यांच्यासोबत त्याने ‘कॅबरे व्होल्तेर’ हा गट काढला. घराच्या माळ्यावर फिती कापायच्या, जोडायच्या, त्यातून कर्कश, यांत्रिक संगीत घडवायचं, हा त्यांचा उद्योग. १९८१मध्ये गट सोडून तो टाइन टीज टेलिव्हिजनमध्ये गेला आणि कालांतराने डेव्हिड अॅटनबरो यांच्या निसर्गमालिकांसाठी ध्वनिमुद्रण करू लागला.

गोंगाट सोडून तो निसर्गाकडे वळला, असं सर्रास लिहिलं जातं. मला ते पटत नाही. ‘वेदर रिपोर्ट’ (२००३) हा अल्बम ऐका. त्यात केनियातल्या मसाई मारामधले चौदा तास अठरा मिनिटांत बसवले आहेत. काय गाळायचं, कशाशेजारी काय ठेवायचं, हे ठरवणारी कात्री माळ्यावरचीच आहे. अस्सल, अनाघ्रात निसर्ग हवा असणाऱ्याची इथे निराशा होईल, आणि ती झालेली बरी.

वॉटसनला या कात्रीची पुरती जाण आहे. मेक्सिकोत एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या, आता बंद पडलेल्या रेल्वेप्रवासावरचा ‘एल त्रेन फांतास्मा’ (२०११) त्याने प्येर शेफर यांना उद्देशून केला. शेफर यांनी १९४८मध्ये पॅरिसच्या बातिन्योल स्थानकात आगगाड्यांचे आवाज टिपून त्यांतून संगीतरचना केली होती. म्हणजे या क्षेत्राची एक मोठी वाट रानातून नव्हे, रेल्वेच्या यार्डातून निघते.

पुढची प्रकरणं वाचायला स्वरज्ञान लागत नाही, पक्षी ओळखता आले नाहीत तरी अडत नाही. चांगला हेडफोन मात्र लागेल. ‘वेदर रिपोर्ट’चा शेवटचा भाग आइसलंडमधल्या वात्नायोकुल हिमनदीचा आहे, मोबाइलच्या स्पीकरवर त्यातले खर्जातले आवाज उमटतच नाहीत.