हेलसिंकी ते टोकियो: एका अंतराचा इतिहास

एप्रिल १९८३मध्ये फिनएअरचे डीसी-१० विमान हेलसिंकीहून टोकियोला निघाले, ते थेट उत्तरेकडे. उत्तर ध्रुव ओलांडून, बेरिंगच्या सामुद्रधुनीवरून ते जपानकडे वळले. प्रवास सुमारे १३ तासांचा. पश्चिम युरोपातून कुठेही न थांबता जपान गाठणारी ही पहिलीच सेवा होती.

पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहिला, तर तो ध्रुवापासून बराच दूर, सैबेरियावरून जातो. पृथ्वीच्या केंद्रापाशी त्याचा कोन साधारण ७०.४ अंश भरतो. एका अंशात ६० कला आणि एका कलेइतके अंतर म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल. गुणाकार केला की सुमारे ४,२२० सागरी मैल, म्हणजे ७,८०० किलोमीटर. गोलावर याहून जवळची वाट नाही.

पण सैबेरियाचे आकाश सोव्हिएत संघाच्या ताब्यात होते आणि पाश्चात्त्य विमानांना तिथून मुक्तपणे जाता येत नव्हते. मग वळसा आलाच. भारत आणि आग्नेय आशियातून टप्पे घेत जाणाऱ्या दक्षिणेकडच्या वाटेला पर्याय म्हणून स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने फेब्रुवारी १९५७मध्ये कोपनहेगनहून ध्रुवावरून, अलास्कातल्या अँकरेज इथे थांबून, टोकियोची सेवा सुरू केली.

त्या वाटेवर दिशा सांभाळणे महाकठीण. चुंबकीय ध्रुवाजवळ होकायंत्र भरवशाचे राहत नाही. शिवाय सगळी रेखावृत्ते ध्रुवावर एकवटत असल्याने सरळ जाणाऱ्या विमानाचीही दिशा नकाशावर भराभर बदलते. म्हणून नेव्हिगेटर ध्रुवीय नकाशावर समांतर रेघांची जाळी आखून घेत, दिशा त्या रेघांवरून मोजत आणि सेक्स्टंटने सूर्य-तारे पाहून दिशा धरून ठेवणारा जायरोस्कोप तपासत. संगणकाविना केलेल्या या कामाला दाद द्यावी तेवढी थोडीच. त्यात चूक झाली तर काय घडे, हे २० एप्रिल १९७८ला दिसले. पॅरिसहून अँकरेजमार्गे सोलला निघालेले कोरियन एअर लाइन्सचे विमान भरकटून सोव्हिएत हद्दीत शिरले. लढाऊ विमानाच्या माऱ्यात दोन प्रवासी दगावले आणि वैमानिकाने विमान एका गोठलेल्या तळ्यावर उतरवले.

सोव्हिएत संघाच्या अखेरीस सैबेरियाचे आकाश खुले झाले आणि हेलसिंकी–टोकियो प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास आला.

वाट मोकळी असली, तरी वाऱ्याचा हिशेब उरतोच. ऑक्टोबर २०१६मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट सुमारे १,४०० किलोमीटरनी लांबली, पण वेळ जवळपास दोन तासांनी घटला. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे उंचावरचे वेगवान वारे आता विमानाच्या पाठीशी होते.

फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाचे आकाश युरोपीय विमानांना पुन्हा बंद झाले. फिनएअरने मार्चमध्ये १९८३ची ध्रुवीय वाट पुन्हा धरली आणि प्रवास परत १३ तासांवर गेला. दुसरी वाट तुर्कस्तान, मध्य आशिया आणि चीनवरून जाते. उत्तरेने जायचे की दक्षिणेने, हे त्या त्या दिवशीचे वारे पाहून ठरवले जाते. आणि दोन्हींकडून जपान गाठताना त्या ७,८०० किलोमीटरांवर आणखी हजारो किलोमीटरांचे इंधन जाळावे लागते.