इसाबेलचा दाखला

आजचा भाग एका अर्जापासून सुरू करते.

जानेवारी 1600. मेक्सिकोतल्या केरेतारो गावात इसाबेल दे ओल्वेरा नावाची एक बाई आल्काल्देसमोर येते. आल्काल्दे म्हणजे साधारण आपल्या जुन्या मामलेदारासारखा, महसूल आणि न्याय दोन्ही बघणारा. उत्तरेकडे न्यू मेक्सिकोला एक तुकडी निघालीय, आणि तिच्याबरोबर इसाबेललाही जायचंय. तिची मागणी एवढीच: मी स्वतंत्र आहे, गुलाम नाही, माझं लग्न झालेलं नाही, असं लिहून सही करून द्या. कारणही ती आडपडदा न ठेवता सांगते. मी मुलाता आहे, म्हणजे मिश्र रक्ताची. वाटेत कुणीतरी मला त्रास देईल अशी मला भीती आहे.

आईबापांची नावं ती देते. बाप एर्नांदो, आफ्रिकी वंशाचा. आई माग्दालेना, इंडियन. इथे आईचं नाव फार कामाचं. स्पॅनिश कायद्यात मूल स्वतंत्र की गुलाम हे आईवरून ठरायचं, आणि इंडियन लोकांना गुलाम करायला 1542 च्या नव्या कायद्यांनी बंदी होती. म्हणजे बापाची स्थिती काही का असेना, माग्दालेनाची लेक स्वतंत्रच. पण कायदा केरेतारोत. हजार मैलांपलीकडे तो कोण वाचून दाखवणार? म्हणून कागद हवा.

आल्काल्दे म्हणाला, साक्षीदार आण. तिने तीन आणले: एक स्वतंत्र आफ्रिकी माणूस, एक मेस्तिसा बाई, आणि तिसरी साक्ष चक्क एका गुलामाची. स्वतः विकत घेतलेली व्यक्ती दुसरीच्या स्वातंत्र्याची ग्वाही देतेय, आणि ती ग्राह्यही धरली जाते! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते.

आता ही माणसं जात होती तिथे काय चाललं होतं? 1598 मध्ये हुआन दे ओन्यातेने तिथे वसाहत केली होती. पाच वर्षं टिकून राहिलात तर हिदाल्गो, म्हणजे खानदानी दर्जा, असं आमिष होतं. प्रत्यक्षात थंडी, उपास. मार्च 1601 मध्ये कॅप्टन वेलास्को व्हाइसरॉयला लिहितो की पुएब्लो लोकांचा मका आणि अंगावरच्या घोंगड्याही जबरदस्तीने घेतल्या जातायत. ऑक्टोबरमध्ये फ्रान्सिस्कन पाद्री एस्कालोना तेच लिहितो: लोकांनी वर्षानुवर्षं साठवलेला मका आपण खाऊन संपवला.

या पत्रांकडे जरा जपून बघायला हवं. एस्कालोनाचं पत्र लिहिलं जाताना ओन्याते मोहिमेवर होता आणि बहुतेक वसाहतवाले पळून चालले होते. पळून जाणं हा गुन्हा. त्यामुळे ‘इथे राहणंच अशक्य होतं’ हे सांगण्यात त्यांचाही स्वार्थ होता. तरी मका आणि घोंगड्या खोट्या आहेत असं मला वाटत नाही. वेलास्कोने तर पळापळीच्या कितीतरी महिने आधी लिहिलंय. शिवाय 1614 मध्ये ओन्यातेवर खटला उभा राहिला, दंड झाला, न्यू मेक्सिकोतून कायमची हद्दपारी झाली.

आरोपांमध्ये आकोमाचं प्रकरण होतं: पंचविशीपुढच्या पुरुषांचा एक पाय तोडायची आणि वीस वर्षं वेठीची शिक्षा. वेठीच्या त्या शिक्षेत बायकाही होत्या. इसाबेलने आपला कागद मागितला, तेव्हा या शिक्षेला वर्षही झालं नव्हतं. आकोमाबद्दल पुढच्या भागात सविस्तर बोलू.