पावसाळ्यात रत्नागिरी-गणपतीपुळे : कमी खर्चात दोन मुक्काम कसे करायचे? सोलापूरकरांसाठी सविस्तर माहिती

सोलापूर : पेरणी उरकली, पहिली खुरपणी झाली की गावातली चार पोरं कोकणात जायचं ठरवतात. समुद्र बघायचा, धो-धो पाऊस बघायचा आणि गणपतीपुळ्याचं दर्शन घ्यायचं. खिशात पैसे मात्र बेताचे असतात. अशांसाठी रत्नागिरी शहर मुक्कामाला सोयीचं आहे. एसटीने जाता येतं, साधे लॉज मिळतात आणि गणपतीपुळे तिथून किनाऱ्याच्या रस्त्याने २५ किलोमीटरच्या आसपास आहे.

जायचं कसं?
सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि पुढे आंबा घाटातून रत्नागिरी असा हा महामार्ग आहे. कोल्हापूर ते रत्नागिरी सुमारे १३० किलोमीटर अंतर आहे. या दोन शहरांना जोडणारी थेट रेल्वे नाही. त्यामुळे कोल्हापूरपर्यंत रेल्वेने गेलं तरी पुढे एसटीच धरावी लागते.

एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं तिकीट आणि ७५ च्या पुढे प्रवास मोफत आहे. जास्त फिरायचं असेल तर ‘आवडेल तेथे प्रवास’ हा ४ किंवा ७ दिवसांचा पास परवडतो. त्याचा सध्याचा दर आगारात विचारावा. आषाढी वारीच्या आठवड्यात मात्र निघू नये. त्या वेळी बऱ्याच गाड्या पंढरपूरकडे वळवलेल्या असतात.

राहायचं कुठं?
रत्नागिरीत एसटी स्टँडच्या परिसरात साधे लॉज आहेत. गणपतीपुळ्यात भक्तनिवास, घरगुती खोल्या आणि पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे. पावसाळ्यात गर्दी कमी असते, त्यामुळे दर उतरतात आणि घासाघीस करता येते. अंगारकी, शनिवार-रविवार आणि १५ ऑगस्टच्या सुट्टीत मात्र दर पुन्हा चढतात.

चौघांनी एक खोली घेतली की माणशी खर्च कमी होतो. पैसे देण्याआधी चार गोष्टी बघाव्यात : खोली गळते का, भिंतीला ओल आहे का, पंखा चालतो का आणि लाईट गेल्यावर सोय काय. प्रत्येकाने आधार कार्ड जवळ ठेवावं. थोडी रोकडही ठेवावी, कारण जोराच्या पावसात वीज आणि रेंज दोन्ही जातात.

खायचं काय?
१ जूनपासून दोन महिने यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्यामुळे ताजी मासळी कमी मिळते आणि थाळी महाग पडते. भात-आमटीची शाकाहारी थाळी स्वस्तात भागवते. घरून शेंगाचटणी आणि कडक भाकरी न्यावी, पण घट्ट झाकणाच्या डब्यात. तिथल्या दमट हवेत भाकरी लगेच मऊ पडते आणि बुरशी धरते.

सोबत काय घ्यायचं?
सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीत तीन हजारांच्या वर. तिथं जीन्स दोन दिवस वाळत नाही. पातळ कपडे घ्यावेत आणि पिशवीच्या आत एक मोठी प्लास्टिकची पिशवी घालावी. चामडी चप्पल घरीच ठेवावी. जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, म्हणून तळाला चांगली पकड असलेली पादत्राणं हवीत.

बघायचं काय?
रत्नागिरीत लोकमान्य टिळकांचं जन्मस्थान आहे. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून पुढे इथं आणून ठेवलं. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० चा आहे. १९१६ मध्ये थिबा रत्नागिरीतच वारला. सर्व जातींना खुलं असलेलं पतितपावन मंदिर १९३१ मध्ये उभं राहिलं. रत्नदुर्ग किल्ल्यावरून आणि मांडवीच्या धक्क्यावरून समुद्र लांबून छान दिसतो. गणपतीपुळ्याजवळ मालगुंडला कवी केशवसुतांचं स्मारक आहे.

पाण्यात उतरू नका
पैसे कुठंही वाचवा, इथं मात्र धाडस करू नका. गणपतीपुळ्याच्या समुद्रात बुडून मृत्यू झाल्याच्या घटना वारंवार घडतात. आपल्याकडची पोरं विहिरीत, कॅनॉलमध्ये पट्टीची पोहणारी असतात आणि तोच भरवसा अंगाशी येतो. विहिरीचं पाणी एका जागी असतं. समुद्रात परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते आणि गुडघाभर पाण्यातला माणूसही आत खेचला जातो.

भरती-ओहोटीचा अंदाज तिथीवरून बांधता येतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. अमावस्या-पौर्णिमेला दुपारी आणि रात्री १२ च्या आसपास भरती असते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे ३ च्या सुमारास. संकष्टीला गर्दी असते, हे त्यासाठी लक्षात ठेवावं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण मोठं असतं. नेमकी वेळ जीवरक्षकाला किंवा गावातल्या माणसाला विचारावी. ओहोटी असली तरी पावसाळ्यात पाण्यात जाऊ नये.

कुणी ओढला गेला तर मागोमाग उडी मारू नये. दोरी, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेकावं, जीवरक्षकाला हाक मारावी आणि ११२ ला फोन करावा. स्वतः अडकलात तर सरळ किनाऱ्याकडे झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर या, मग किनाऱ्याकडे वळा.

निघण्याआधी
हवामान खात्याचा इशारा बघावा. रेड अलर्ट म्हणजे एका दिवसात २०४ मिलिमीटरहून जास्त पावसाची शक्यता. आपल्या वर्षाच्या पावसाचा तिसरा हिस्सा एका दिवसात पडतो, असं समजा. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबा घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती. म्हणून रेड किंवा ऑरेंज अलर्ट असेल तर बेत आठवडाभर पुढे ढकलावा. घाट सुरू आहे का, हे एसटी आगारात विचारावं. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. परतीला एक दिवस आणि एका मुक्कामाचे पैसे जादा धरूनच घर सोडावं.