मैदान कोणाचे? महालक्ष्मी रेसकोर्सचा वाद

क्लब सभासदांचा असतो; त्याच्या पायाखालची जमीन मात्र बहुधा दुसऱ्याची. महालक्ष्मी रेसकोर्सच्या वादाचे मूळ येथे आहे. थ्रेड.

मुंबईतील घोड्यांच्या शर्यती पूर्वी भायखळ्यास होत. १८८३ मध्ये त्या महालक्ष्मीच्या सखल, दलदलीच्या भूमीवर आल्या. पुढे १९१४ पासून ९९ वर्षांचा भाडेपट्टा झाला. क्षेत्र सुमारे २११ एकर. मालकी काही राज्य शासनाची, काही महानगरपालिकेची. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब हा केवळ पट्टेदार.

परंतु वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या चालली की पट्टेदारही मालकाच्या सुरात बोलू लागतो. होटगीसारख्या गावात गायरानाचे तंटे ऐकत वाढलेल्यांना हे निराळे सांगावे लागत नाही!

३१ मे २०१३ रोजी पट्टा संपला. तेथे थीम पार्क करावे, अशी कल्पना शिवसेनेने मांडली. क्लबने कडाडून विरोध केला. बचाव केवळ घोड्यांचा नव्हता, मोकळ्या हिरवळीचा होता. सकाळी फिरावयास येणारे नागरिकही त्यामुळे क्लबच्या बाजूला उभे राहिले. हा युक्तिवाद मला खोटा वाटत नाही. पण तो करण्याचा पहिला अधिकार सभासदांचा की शहराचा?

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे हाच प्रश्न गोल्फच्या मैदानावरून उपस्थित झाला होता. कर्जबाजारी नगरपालिकेने १७९७ मध्ये समुद्रकाठची ती जमीन विकली. नंतरच्या मालकांनी तेथे ससे पाळले. सशांच्या बिळांनी मैदान पोखरले. गोल्फपटू न्यायालयात गेले, ते नगरवासीयांच्या खेळण्याच्या जुन्या हक्काचा आधार घेऊन. १८२१ मध्ये जेम्स चीप या गोल्फप्रेमी जमीनदाराने जमीन विकत घेतली आणि ससे हटले. १८९४ च्या कायद्याने ती पुन्हा नगराकडे आली. आज तेथील प्रसिद्ध ‘ओल्ड कोर्स’ कोणत्याही क्लबच्या मालकीचा नाही.

महालक्ष्मीत पट्ट्याच्या नूतनीकरणाविना दशक सरले. मध्यंतरी शर्यती मुलुंडला हलविण्याचीही चर्चा झाली. अखेर ३० जानेवारी २०२४ रोजी सभासदांनी पुनर्विकासाच्या प्रस्तावावर मतदान केले: ७०८ पैकी ५४० अनुकूल, १६८ प्रतिकूल. सार्वजनिक जमिनीचा कौल ७०८ जणांकडून घेतला गेला, याची नोंद इतिहासाच्या विद्यार्थ्याने करून ठेवावी. विरोध मावळण्याचे कारणही उघड आहे. पट्टाच उरला नव्हता, तेव्हा सारे गमावण्यापेक्षा अर्धे राखणे बरे.

त्यानुसार १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी महानगरपालिकेकडे गेले. शर्यतीची धावपट्टी ज्यात आहे ते उरलेले ९१ एकर २०५३ पर्यंत क्लबकडे आहेत.