डीडब्ल्यूएम

डीडब्ल्यूएम : लिनक्स व बीएसडी प्रणालींवरील एक्स विंडो सिस्टिमसाठी सी भाषेत लिहिलेला विंडो मॅनेजर, म्हणजे पडद्यावरील खिडक्यांची जागा, आकार व क्रम ठरवणारा प्रोग्रॅम. आन्सेल्म गार्बे यांनी तो २००६ मध्ये प्रसिद्ध केला. देखभाल ‘सकलेस’ हा विकासकांचा गट करतो. ऑसम हा विंडो मॅनेजर याच्याच कोडमधून फुटलेला.

डीडब्ल्यूएमला सेटिंगचा मेनू नाही आणि सुरू होताना वाचायची सेटिंग-फाइलही नाही. रंग, फाँट, कळांच्या जोड्या हे सारे ‘कॉन्फिग.एच’ या सी भाषेतल्याच फाइलमध्ये लिहायचे आणि प्रोग्रॅम नव्याने कंपाइल करायचा. कोड २,००० ओळींच्या आत ठेवण्याचा विकासकांचा दंडक असल्याने जुन्या संगणकावरही त्याला काही सेकंदच लागतात. चहा टाकायला उठावे इतकीही उसंत मिळत नाही.

उभारणीसाठी सी कंपायलर, ‘मेक’ आणि एक्सलिब, एक्सएफटी व झिनेरामा या लायब्ररींच्या हेडर फाइली लागतात. डेबियनमध्ये या फाइली ‘डेव्ह’ शेपटीच्या स्वतंत्र पॅकेजांत असतात. नवख्याचे घोडे बहुधा इथेच अडते. ‘सुडो मेक इन्स्टॉल’ दिल्यावर ‘.एक्सइनिटआरसी’च्या शेवटी ‘एक्झेक डीडब्ल्यूएम’ लिहायचे आणि ‘स्टार्टएक्स’ने सत्र सुरू करायचे. वर एक पट्टी आणि खाली ओसाड पडदा दिसला, तर तो बिघाड नव्हे. ऑल्ट, शिफ्ट व एंटर एकत्र दाबल्यास एसटी (बस नव्हे, सकलेसचेच टर्मिनल) उघडते, अर्थात तेही आधी बसवले असेल तरच. पहिली खिडकी पडदा व्यापते. पुढची प्रत्येक नवी खिडकी डावीकडची मुख्य जागा घेते आणि आधीच्या उजवीकडे एकाखाली एक रचल्या जातात.

एक फसगत ठरलेली. ‘कॉन्फिग.एच’ नसेल तेव्हाच ‘मेक’ ती ‘कॉन्फिग.डेफ.एच’वरून तयार करते. त्यामुळे एकदा कंपाइल केल्यावर मूळ नमुन्यात केलेले बदल लागूच होत नाहीत, आणि माणूस तासभर कंपायलरला दोष देत बसतो. जादा सोयी पॅचच्या रूपाने मिळतात; मात्र दोन-तीन पॅच एकावर एक चढवले की ते एकमेकांच्या ओळींवर आदळतात आणि गुंता हाताने सोडवावा लागतो.

देवनागरी वापरणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. पट्टीवरील मजकूर एक्सएफटी अक्षरागणिक मांडते, जोडाक्षरे जुळवत नाही. त्यामुळे खिडकीच्या मराठी नावात ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर येते आणि हलन्त सुटे दिसतात. पँगोसारखी अक्षरजुळणी करणारी लायब्ररी कोडमध्ये जोडली, तरच ते सुधारते.