आजीचं नाव जुन्या रजिस्टरमध्ये का सापडत नाही?

आजचा प्रश्न छोटा आहे. जुन्या जन्मनोंदी काढल्या की त्यात आजी-आजोबांचं नावच का नसतं?

आधी जरा इंग्लंडला जाऊ. १५३८ साली राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं हुकूम काढला: प्रत्येक गावच्या चर्चनं बाप्तिस्मा, लग्न आणि दफन वहीत लिहून ठेवायचं. बाप्तिस्म्यातच बाळाला नाव देतात, त्यामुळे नाव वहीत आपोआप आलं. जन्मतारीख मात्र बहुतेक वेळा नाही. शेक्सपिअरचंच बघा ना. २६ एप्रिल १५६४ ही त्याच्या बाप्तिस्म्याची तारीख. वाढदिवस २३ एप्रिलला करतात, तो अंदाजानं.

आपल्याकडे नेमकं उलटं. माझं गाव दुधनी, अक्कलकोट तालुका, कर्नाटकच्या सीमेला लागून. आपल्याकडच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी म्हणजे कोतवाल बुक किंवा गाव नमुना १४. बाळ जन्मलं की वर्दी जायची आणि लिहिलं जायचं: तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. बारसं बाराव्या दिवशी. तोवर नोंद होऊन गेलेली. मग नाव घालायला परत कोण जाणार? म्हणून बऱ्याच नोंदींत नुसतं 'मुलगी'. तारीख आहे, माणूस आहे, नाव नाही.

नाव सापडतं ते शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये. पण तिथे तारखेची बोंब! जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी सरळ १ जून टाकायचे. माझ्या भाषेत सांगायचं तर दोन टेबलं जोडायची आहेत. एकात नाव नाही, दुसऱ्यात तारखेचा भरवसा नाही, आणि दोन्हीकडे सारखं काय, तर बापाचं नाव. तेही एकीकडे मोडीत, दुसरीकडे बाळबोधीत.

हे फक्त इतिहासाचं वेड नाही हं. ओबीसी जात पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे पुरावे लागतात. कितीतरी पोरांचं ॲडमिशन अशा एका ओळीवर अडकतं.

आणि जी मुलगी शाळेतच गेली नाही, तिचं काय? तिच्यासाठी दुसरं टेबलच नाही. त्यात लग्नात आडनाव बदललं, पुष्कळदा नावही बदललं. इंग्लंडच्या खेड्यातल्या गरिबाघरच्या पोरीचं निदान पाळण्यातलं नाव वहीत राहिलं. आपल्या पणजीचं ते फक्त घरच्यांच्या तोंडी आहे.

आता १९६९ च्या कायद्यानं जन्मनोंदीत नाव नंतरही घालता येतं. पहिल्या वर्षात फुकट, पुढे पंधरा वर्षांपर्यंत फी भरून. घरात लहान बाळ असेल तर दाखला एकदा काढून बघा.

आणि आजी असेल तर आज फोन लावा. माहेरचं नाव, वडिलांचं नाव, गाव, पाठची-पुढची भावंडं विचारा आणि कॉल रेकॉर्ड करा. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये 'मुलगी' एवढीच ओळ समोर आली, तर ती कुणाची हे त्यावरूनच कळेल.